बाईची सायकल कुठवर आली?



सायकल आपल्याला इतकी साधी वस्तू वाटते की तिलाही इतिहास असेल, असं मनात येत नाही. पण घरात आलेली एखादी वस्तू आधी कुणाच्या हातात गेली आणि बाईच्या हातात यायला तिला किती वर्षं लागली, हे बघितलं तर पुष्कळ काही कळतं. आज आपण सायकलचा असा हिशेब मांडू.

सुरुवात फ्रान्सपासून करू. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लावलेली लाकडी-लोखंडी दुचाकी निघाली. रबरी टायर नव्हते, त्यामुळं दगडी रस्त्यावर अंग खिळखिळं व्हायचं. तरी बाया त्यावर बसल्या. १८६८ साली फ्रान्सच्या बोर्डो शहरात बायकांची शर्यत झाली, बघायला मोठी गर्दी लोटली. हा बोर्डोचा मुलूख म्हणजे द्राक्षांचा. आपल्याकडं तासगाव म्हटलं की द्राक्ष आणि बेदाणा डोळ्यासमोर येतो, तसंच तिथं.

पुढं फार उंच चाकाच्या सायकली आल्या. लांब झगा घालून त्यावर चढणं अवघड, त्यामुळं बाया मागं पडल्या. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर काढला. आज आपण बघतो ती सायकल तिथून सुरू झाली. मधली दांडी खाली वाकवून लेडीज सायकल तयार झाली आणि युरोप-अमेरिकेत हजारो बाया रस्त्यावर आल्या.

मग बोलणी बसायला लागली. काही डॉक्टर म्हणाले, सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा बिघडतो. कपड्यांवरून तर केवढा वाद! पॅरिसमध्ये १८०० सालापासून बाईनं परवानगीशिवाय विजार घालायची नाही, असा हुकूम होता. १८९२ आणि १९०९ साली त्यात सवलत मिळाली. ती कशी? बाईच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल, तर विजार चालेल! म्हणजे सायकलवरून उतरली की पुन्हा गुन्हा. वापरात नसलेला हा हुकूम रद्दबातल आहे असं तिथल्या सरकारनं स्पष्ट सांगितलं, ते २०१३ साली.

अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. ‘आता या वयात काय शिकायचं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. तिकडं हवेचा टायर निघाला, त्याच १८८८ सालापासून इकडं बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या धंद्याची सुरुवात मानतात. ते मुंबईत शिकवायचे. तिथून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि भावानं त्या विकायच्या, असा उद्योग होता. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये, असं सांगतात. त्या काळचे सातशे रुपये! गोरगरिबांनी दुरूनच बघायची वस्तू होती ती. या सायकलच्या दुकानातूनच पुढं लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी वसली. त्याच वाडीतून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. बाईनं शिकावं, बाहेर पडावं, स्वतःचं मत मांडावं, याची चर्चा त्या मासिकानं घराघरात नेली. एका सायकलच्या दुकानाची वाट बायकांच्या मासिकापर्यंत अशी आली.

सायकल मात्र बाईपर्यंत यायला अजून वेळ होता. स्वातंत्र्यानंतर ॲटलास, हीरो असे देशी कारखाने निघाले, सायकली स्वस्त झाल्या आणि गावोगाव पोचल्या. पोस्टमन, गुरुजी, दूधवाले, धार लावणारे, बोहारी सगळे सायकलवर. तासावर भाड्यानं सायकल देणारी दुकानं होती. नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि त्याचा बिल्ला लावावा लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं तर पोलीस धरायचा. घरातल्या थोरल्यांना विचारा, एकेक गंमत सांगतील.

या चित्रात बाई कुठं होती? कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर आणि हातात पिशवी घेऊन. पोरगा दहा वर्षांचा झाला की बापाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकायचा. त्याच वयाची बहीण मागून पळायची.

आणखी एक गोष्ट. हुंड्यात काय मागायचे? घड्याळ, रेडिओ आणि सायकल. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी मागणी थांबली नाही. म्हणजे लेकीच्या बापानं कर्ज काढून सायकल घ्यायची, जावयानं ती चालवायची आणि लेकीनं मागं बसायचं. पैसा लेकीच्या नावानं गेला, पण हँडल काही तिच्या हातात आलं नाही. पुढं सायकलच्या जागी मोटारसायकल आली, एवढाच फरक.

बदल झाला तो शिक्षणाच्या अंगानं. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता मोहीम जोरात चालली. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेला सायकलची जोड दिली. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीत शिकवणाऱ्या अशा हजारो बाया सायकल शिकल्या. कामावरच्या बायांना सायकलसाठी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रयत्न झाले. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं, हा फायदाही त्यांनी हेरला. एसटीची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला. माल विकणारी बाई एका गावाऐवजी तीन-चार गावं करू लागली. सुरुवातीला टोमणे फार बसले. पण एकटीदुकटी नव्हती, शेकड्यांनी होत्या. टोमणे मारणारेच दमले.

२००६ साली बिहार सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. अभ्यासकांनी नंतर मोजून बघितलं, तेव्हा हायस्कूलला नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती, त्या गावांत फायदा जास्त झाला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या. साताऱ्यातल्या माण तालुक्यात माणदेशी फाउंडेशननंही शाळेच्या मुलींना सायकली दिल्या.

हे सगळं चांगलंच झालं. पण नीट बघितलं तर प्रत्येक ठिकाणी बाईला सायकल मिळाली ती कामासाठी. शाळेला जायचंय म्हणून, पाणी आणायचंय म्हणून, माल विकायचाय म्हणून. शाळा सुटली की मुलीची सायकल भावाकडं जाते किंवा पडवीत गंजत पडते. लग्न झाल्यावर तर ‘कशाला हवी’ हाच प्रश्न.

फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना पहिल्यांदा पंधरा दिवसांची भरपगारी रजा कायद्यानं मिळाली. त्या उन्हाळ्यात कामगार नवराबायको सायकली घेऊन खेडोपाडी हिंडायला निघाले. दोघांनी पायडल मारायच्या जोडसायकलीही होत्या. काम काही नाही. द्राक्षमळ्यांतून, नदीकाठानं, आडरस्त्यानं नुसतं हिंडायचं. तिथं आजही असे शांत रस्ते सायकलीसाठी जपलेत. तासगावच्या द्राक्षबागा त्यांच्यापेक्षा कमी देखण्या नाहीत. पण आपल्या बाया तिथं जातात त्या टेंपोत दाटीवाटीनं, विरळणी आणि पॅकिंगच्या मजुरीला. बाग बघायला सायकलवरून कोण जातं?

काही जणी निघाल्या. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली वयाच्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सायकलवरून जगाची फेरी करून आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुनवट गावची प्रणाली चिकटे २०२० मध्ये पर्यावरणाचा निरोप घेऊन एकटी महाराष्ट्रभर सायकलवरून फिरली. खेड्यातली मुलगी, साधी सायकल. ठिकठिकाणच्या लोकांनी तिला घरी मुक्कामाला ठेवलं.

आपल्याला जगाची फेरी करायची नाही. पण उचगावच्या एका बाजूला हायवे आणि दुसरीकडं हुपरीचा रस्ता. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर धावतात, कित्येकांना मागं लाल दिवा नसतो. तिथं नवशिक्या बाईनं सायकल काढू नये. आपला शांत रस्ता म्हणजे पाणंद. वैरणीचा भारा घेऊन आपण रोज तुडवतो ती. पाणंदी दुरुस्त करायला सरकारनं २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी पाणंद रस्ते योजना काढली. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, असा कायदा आहे. तिथं आपण म्हणू शकतो की आमची पाणंद आधी करा, मुरूम टाका, कडेची झुडपं काढा. चिखल नसेल तर वैरणीची बाई, डेअरीला जाणारी बाई आणि सायकलवरची पोरगी, तिघींचं भलं होईल.

दुसरी गोष्ट बचत गटाची. नवऱ्याच्या मोटारसायकलीसाठी गटातून कर्ज निघतं, हे आपल्याला माहीत आहे. एकदा गटाच्या नावानं दोन सायकली घेऊन बघा. जिला येतं तिनं दुसरीला धरून शिकवायचं. सहावारी चाकात जाते म्हणून ड्रेस घाला, चेनकव्हर बसवून घ्या. नऊवारीचा काष्टा तर सायकलला उलट सोयीचाच. पहाटेची कामं आटपली की चौघी-पाचजणी मिळून पाणंदीनं मळ्यापर्यंत जाऊन या.

कुणी विचारलं, ‘काय काम काढलं गं?’ तर सांगा, काही नाही, फिरायला निघालोय. हे उत्तर द्यायला आपल्याला फार वर्षं लागलीत.