गारवा येतो, गारवा जातो

आमच्या गोंदियाकडे उन्हाळा आणि हिवाळा दोघेही मन लावून काम करतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत 'विदर्भात सर्वांत थंड गोंदिया' ही बातमी वर्तमानपत्रात एकदा तरी येतेच. त्यामुळे मोटारीतला एसी आणि हीटर दोन्ही वापरणारी माणसं आमच्याकडे सापडतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक हसतात, "तुम्हाला हीटर कशाला लागतो?" त्यांनी एकदा जानेवारीतल्या पहाटे नवेगावबांधच्या रस्त्याने येऊन पाहावं.

अलीकडे भाचे-पुतण्यांकडून एकाच जातीची तक्रार तीनदा ऐकली. गाडीचा एसी मधूनच चालतो, मधूनच बंद पडतो. मेकॅनिककडे नेली की शहाण्या मुलासारखा वागतो, घरी आणली की पुन्हा तेच. पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं असतं. येऊन-जाऊन असणाऱ्या दुखण्याचं निदान कठीण, मग ते गाडीचं असो की माणसाचं. मी काही मेकॅनिक नाही, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पण हे दुखणं आमच्याही गाडीला झालं तेव्हा जुन्या सवयीने मी त्याचा इतिहास शोधत गेलो, आणि गंमत म्हणजे तोच उपयोगी पडला.

प्रवासात गारवा मिळवण्याची धडपड मोटारीच्या आधीची आहे. आपल्याकडे वाळ्याच्या ताट्या होत्याच. ओल्या ताटीतून गरम वारा गेला की पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी वाऱ्यातली उष्णता घेतं आणि वारा गार होतो. हीच युक्ती रेल्वेने उचलली. १८७२ च्या सुमारास जीआयपी रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत, गाडीच्या वेगाने येणारा वारा ओल्या वाळ्यावरून आत घ्यायची सोय झाली होती. ताटी ओली आणि गाडी धावती, तोवर गारवा. ताटी वाळली किंवा गाडी थांबली की संपलं.

१९३४ साली फ्रंटियर मेलला जो वातानुकूलित डबा लागला तो बर्फावर चालत असे. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि पंख्याने त्यांच्यावरची हवा आत सोडायची. वाटेतल्या स्टेशनांवर नवा बर्फ भरावा लागे. म्हणजे तिथेही गारवा येई आणि जाई. फरक एवढाच, की तो का गेला हे कुणाला विचारावं लागत नसे. बर्फ वितळला, एवढंच उत्तर.

उबेचं म्हणाल तर ती आम्हाला फुकट मिळायची. माझ्या लहानपणीच्या काही एसटी गाड्यांत इंजिनाचं झाकण आत, ड्रायव्हरच्या शेजारीच असायचं. थंडीत त्याच्या जवळची जागा पकडायला आम्हा पोरांची झुंबड उडे, आणि उन्हाळ्यात तीच जागा रिकामी राही. परदेशातल्या सुरुवातीच्या हीटरांचंही तत्त्व हेच होतं, इंजिनाची वाया जाणारी उष्णता आत घ्यायची. काही गाड्यांत धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीभोवतीची हवा आत आणत. नळीला भोक पडलं तर उबेबरोबर विषारी धूरही आत. त्यावर चांगला तोडगा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. इंजिनातून फिरून ते पाणी साधारण ९० अंशांपर्यंत तापतं. ते एका लहानशा जाळीतून फिरवायचं आणि जाळीवरून पंख्याची हवा सोडायची. अमेरिकेच्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, अशी तापवून आत सोडणारा हीटर विकायला काढला. या नॅशचं आदल्याच वर्षी केल्व्हिनेटर या फ्रिजवाल्या कंपनीशी लग्न लागलं होतं. आपल्याकडेही घरोघरी ज्या नावाचे फ्रिज आले, तीच ही केल्व्हिनेटर.

मोटारीत खरा एसी आला तो पॅकार्ड कंपनीचा. नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात तो मांडला गेला. गारवा करणारं यंत्र मागच्या डिकीत, आणि गॅस दाबणारा कंप्रेसर पुढे इंजिनाला पट्ट्याने बांधलेला. या यंत्राला थर्मोस्टॅट नव्हता आणि कंप्रेसर थांबवायचं बटणही नव्हतं. इंजिन चालू म्हणजे कंप्रेसर चालू. थंडीच्या दिवसांत तो नको असेल तर इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टाच काढून ठेवायचा! किंमतही भारी होती. दोन वर्षांत पॅकार्डने तो बंद केला.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कारण या गाडीचा एसी मधूनच थांबणं शक्यच नव्हतं, थांबण्याची सोयच नव्हती! ती सोय पुढच्या काळात आली. १९५४ साली नॅशने गरम आणि गार दोन्ही यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात एकत्र बसवल्या. त्याच दशकात कंप्रेसरच्या चाकावर विजेच्या चुंबकाचा क्लच रुळला. वीज मिळाली की चुंबक पुढची तबकडी खेचून घेतो आणि कंप्रेसर फिरतो. वीज तोडली की तबकडी सुटते, नुसतं चाक फिरत राहतं. १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये तर हवं ते तापमान लावून मोकळं व्हायचं, गरम-गार किती मिसळायचं ते गाडीच ठरवणार.

म्हणजे एसीचं येणं-जाणं हा मुळात बिघाड नाहीच. मुद्दाम, डोकं लढवून मिळवलेली ती सोय आहे. चांगल्या गाडीतही क्लच दिवसभर जोडतो आणि सोडतो. प्रश्न विचारायचा तो असा, की त्याला 'थांब' हा हुकूम कोण देतंय? हुकूम देणारे पुष्कळ आहेत. आतली जाळी गोठायला आली तर एक, गॅसचा दाब फार कमी किंवा फार जास्त झाला तर दुसरा, इंजिन तापलं तर तिसरा. आणि कधी हुकूम ठीक असतो, पण नोकराच्या कानापर्यंत तो पोचतच नाही. वायर सैल, रिले खराब, किंवा उंदराने कुरतडलेली. राइस मिलांच्या आमच्या गावात उंदरांना विसरून चालत नाही.

आमच्याकडे या सोयी उशिरा आल्या. अँबॅसडर आणि फियाट-पद्मिनीच्या पिढीला एसी म्हणजे दाराच्या काचेपुढची ती तिकोनी काच. ती फिरवली की वारा थेट तोंडावर. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली आणि नंतर हळूहळू मध्यमवर्गाला एसीची सवय लागली. त्या काळचा आर-१२ गॅस आकाशातला ओझोनचा थर खातो हे शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हटत गेला, भारतही १९९२ मध्ये करारात सामील झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण गळून हवेत गेला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक भारी.

आता आमच्या घरचं. माझ्या पत्नीला हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला नागपूरला न्यावं लागतं. उकाडा तिला सोसत नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिरोडा-तुमसरमार्गे जाताना तासाभराने एसीची हवा कोमट झाली. पंखा जोरात, हवा मात्र बाहेरचीच. भंडाऱ्याला पोचेपर्यंत तिचा चेहरा उतरला होता. एका गॅरेजने गॅस भरून दिला, आठ दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्यांदाही गॅसच भरला. मला प्रश्न पडला, की गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळ्यांत फिरतो. मग कमी झाला तर गेला कुठे, आणि गळत असेल तर सकाळी गारवा कसा येतो?

शाळेत मी मुलांना सांगत असे, घटना 'का' घडली हे विचारण्याआधी 'केव्हा' घडली ते नीट लिहा. तसं मी वहीत लिहायला लागलो. किती वाजता, किती किलोमीटरवर, ऊन कसं, गाडी उभी की धावती, पंख्याचा जोर कमी झाला की फक्त गारवा गेला. चार फेऱ्यांत चित्र स्पष्ट झालं. सकाळी कधीच नाही. इंजिन चांगलं तापल्यावर, दुपारी, हमखास. वारा जोरात येतो, म्हणजे आतली जाळी गोठून वाट अडलेली नाही. अर्धा तास चहाला थांबून गाडी निवली की एसी पुन्हा चालू.

ही वही घेऊन मी आमच्या भागातल्या एका साध्या मेकॅनिककडे गेलो, तोही भर दुपारी, तापलेली गाडी घेऊन. त्याने वही वाचली आणि म्हणाला, "गुरुजी, ग्यास त पुरा हाय जी. आता बंद पडू द्या, मंग पाहू." गारवा गेला तसं त्याने बॉनेट उघडलं. क्लचच्या वायरीला दिवा लावून पाहिला, वीज येत होती. पण तबकडी चिकटत नव्हती. वर्षानुवर्षं घासून तबकडी आणि चाक यांच्यातली फट वाढली होती. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. चुंबकाची गुंडाळी तापली की तिच्यातून वीज कमी वाहते, चुंबकाची ताकद घटते, आणि वाढलेली फट त्याला ओलांडवत नाही. इंजिन बंद करून, निवू देऊन त्याने तबकडी काढली, तिच्यामागची कागदासारखी पातळ चकती कमी केली आणि फट मोजून परत बसवली. गॅसच्या दोन भरण्यांपुढे त्याची मजुरी काहीच नव्हती. मे महिन्यातल्या फेरीत ही भंडाऱ्यापर्यंत शांत झोपून आली.

हिवाळ्याचं दुखणंही असंच वहीत पकडता येतं. गाडी पळताना ऊब आणि उभी राहिली की थंड हवा, तर बहुधा कूलंट कमी झालंय किंवा त्यात हवा अडकली आहे. पळताना थंड आणि उभ्याने गरम, तर इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. थंडीत काचेवर आतून धुकं धरतं ते घालवायला एसीच लागतो, कारण त्याच्या जाळीवर हवेतलं बाष्प पाणी होऊन गळतं आणि कोरडी हवा काचेवर जाते. म्हणून उन्हाळ्यातला क्लचचा दोष 'आता थंडी आली' म्हणून सोडून देऊ नये. धुक्याच्या पहाटे समोरचा ट्रक न दिसणं हे उकाड्यापेक्षा वाईट. आणि कूलंटची टाकी तापलेली असताना तिचं झाकण कुणीही उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

ट्रकवरून आठवलं. देवरीजवळून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मे महिन्यात ट्रकवाले ओला गमछा डोक्याला गुंडाळून, दुसरा खिडकीत अडकवून गाडी हाकतात. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या पहिल्या वर्गाला जी ओली ताटी होती, तीच त्यांच्याकडे गमछा होऊन आली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करणारी अधिसूचना काढली आणि २०२५ पासून तसे ट्रक येऊ लागले. जुने ट्रक अजून बरीच वर्षं धावतील. पण ज्यांना एसी मिळाला, त्यांचाही तो एक दिवस सालेकसा नाहीतर देवरीच्या उन्हात मधूनच थांबेल. त्या वेळी कुणी आधी गॅस भरायला सांगितला, तर त्यांच्याजवळ खिशात एक छोटी वही आणि पेन्सिल असावी एवढंच माझं म्हणणं. तुमच्याही गाडीच्या कप्प्यात आजच एक ठेवून द्या.