निओप्टेरिन

निओप्टेरिन हा मानवी शरीरात तयार होणारा, टेरिन वर्गातील एक लहान सेंद्रिय रेणू आहे. रोगप्रतिकार यंत्रणेतील महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज) चेतवल्या गेल्या की त्या हा पदार्थ बाहेर सोडतात. त्यामुळे रक्तातील त्याचे प्रमाण हे या पेशींच्या सक्रियतेचे दर्शक मानले जाते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सार्कॉइडोसिस, क्रोनचा आजार यांसारख्या दीर्घकालीन दाहजन्य विकारांत, तसेच क्षयरोग व एचआयव्ही संसर्गात हे प्रमाण वाढलेले आढळते.

नाव व इतिहास

‘टेरिन’ हे नाव पंख या अर्थाच्या ‘टेरॉन’ या ग्रीक शब्दावरून आले आहे. ‘हेलिकॉप्टर’ या शब्दाचा उत्तरार्ध तोच असून संस्कृतातील ‘पतत्र’ हा शब्दही त्याच कुळातील आहे. या वर्गातील रंगद्रव्यांचा अभ्यास फुलपाखरांच्या पंखांपासून सुरू झाला. इंग्लंडमधील जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांवर काम केले होते. निओप्टेरिन मात्र १९६० च्या दशकात मधमाश्यांच्या अळ्यांत व त्यानंतर मानवी मूत्रात सापडले. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हेल्मुट वाक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्करोग व विषाणुजन्य आजारांच्या रुग्णांच्या मूत्रात ते वाढलेले दिसले. ते महाभक्षी पेशींतून येते, हे १९८४ मध्ये स्पष्ट झाले.

निर्मिती

टी-पेशींनी शत्रू ओळखला की त्या इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक पदार्थ सोडतात. त्याच्या प्रभावाने महाभक्षी पेशींतील जीटीपी सायक्लोहायड्रोलेज या विकराचे कार्य वाढते. इतर पेशींत यापुढील विकर पुरेसे असल्याने या मार्गाने टेट्राहायड्रोबायॉप्टेरिन हे अंतिम द्रव्य बनते. मानवी महाभक्षी पेशींत ते पुढचे विकर अत्यल्प असते. त्यामुळे काम अर्ध्यावर थांबते आणि साचलेल्या मधल्या द्रव्यापासून निओप्टेरिन तयार होते. उंदरांत असे घडत नसल्याने तेथे ही चाचणी निरुपयोगी ठरते.

इंटरफेरॉन-गॅमा रक्तात फार काळ टिकत नाही, म्हणून ते थेट मोजणे अवघड असते. निओप्टेरिन स्थिर असते आणि मूत्रपिंडावाटे बदल न होता बाहेर पडते. म्हणजे जे प्रत्यक्ष पकडता येत नाही, त्याचा माग येथे काढता येतो. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन यकृतात तयार होते आणि जिवाणुसंसर्गात वेगाने वाढते. निओप्टेरिन प्रतिकारपेशींतूनच येते आणि विषाणुसंसर्गात अधिक ठळकपणे वाढते, कित्येकदा प्रतिपिंडे दिसू लागण्याआधीच. याच कारणाने ऑस्ट्रियात दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत त्याचा वापर करण्यात आला.

अर्थ लावताना

निरोगी प्रौढांत रक्तद्रवातील प्रमाण दर लिटरला सुमारे ५ नॅनोमोल असते. १० च्या वरचे प्रमाण सामान्यतः वाढलेले समजतात. वृद्धापकाळात ते काहीसे जास्त असते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असल्यास दाह नसतानाही आकडा चढतो, म्हणून क्रिअ‍ॅटिनिन पाहिल्याशिवाय अहवाल वाचणे योग्य नव्हे.

मात्र सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. पेशी किती चेतल्या आहेत हे निओप्टेरिन सांगते. कशामुळे चेतल्या हे सांगत नाही. सार्कॉइडोसिस व क्षयरोग या दोहोंत फुप्फुसांत ग्रॅन्युलोमा नावाच्या सूक्ष्म गाठी होतात. त्या मुख्यतः महाभक्षी पेशींच्याच बनलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही आजारांत निओप्टेरिन वाढते. भारतासारख्या क्षयरोगाचा भार मोठा असलेल्या देशात सार्कॉइडोसिसचा रुग्ण क्षयरोगी समजला जाणे दुर्मीळ नाही. उलट चूक अधिक घातक असते: सार्कॉइडोसिससाठी दिली जाणारी स्टिरॉइडे क्षयरोग्याला क्षयरोगावरील औषधांविना दिल्यास संसर्ग बळावतो. येथे ऊतीचा तुकडा व थुंकीची तपासणी यांना पर्याय नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा रुग्ण प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेत असताना आकडा वाढला, तरी तीच अडचण येते. मूळ आजार उसळला असेल तर औषध वाढवावे लागते, नवा संसर्ग असेल तर बहुधा थांबवावे लागते. आकडा दोन्ही प्रसंगी सारखाच दिसू शकतो.

निदान आधीच पक्के झालेले असेल, तर मात्र ही चाचणी उपयोगी पडते. उपचार लागू पडल्यास क्षयरोगात निओप्टेरिन उतरते, एचआयव्हीत विषाणुविरोधी औषधांनी कमी होते. अशा औषधांपूर्वीच्या काळात एचआयव्ही संसर्ग किती वेगाने पुढे सरकेल, याचा अंदाज घेण्यासाठी सीडी-४ पेशींच्या संख्येबरोबर ते पाहिले जात असे. एकाच मोजणीपेक्षा त्याच रुग्णाच्या अनेक मोजण्यांचा चढउतार अधिक बोलका असतो.

दीर्घकालीन दाहात निओप्टेरिन जास्त असलेल्या रुग्णांत रक्तक्षयही अनेकदा आढळतो. इंटरफेरॉन-गॅमामुळे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटनही वाढते. त्याच्यापासून सेरोटोनिन बनत असल्याने अशा रुग्णांच्या थकव्याशी व उदासीनतेशी याचा संबंध जोडला जातो.

मापन

मापनासाठी एलायझा पद्धत किंवा द्रव वर्णलेखन वापरतात. अतिनील प्रकाशात निओप्टेरिन निळसर चमकते, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत वेगळे रंजक मिसळावे लागत नाही. प्रकाशाने त्याचे विघटन होत असल्याने नमुन्याची नळी अंधारात किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ठेवतात. उघड्यावर राहिलेल्या नमुन्यात खोटा कमी आकडा येऊ शकतो. मूत्रातील प्रमाण क्रिअ‍ॅटिनिनच्या तुलनेत नोंदवले जाते.