तळटीप १४ : साखर आणि हाडांचं कोलाजेन
१४. अँटॉप हिलच्या सी.जी.एस. कॉलनीतल्या आजींचा खुबा मोडला, पण डेक्सा तपासणीत हाडांची घनता वयाच्या मानाने ठीक निघाली, असं वर आलं आहे. यात विसंगती नाही. डेक्सा हाडातलं खनिज मोजते. हाडाला चिवटपणा देणारं कोलाजेन तिला दिसत नाही. रक्तातली साखर या प्रथिनातल्या लायसीन, आर्जिनीन या अमिनो आम्लांना हळूहळू चिकटते आणि पुढे तंतूंमध्ये पेंटोसिडीनसारखे पक्के दुवे तयार होतात. फ्रेंच रसायनज्ञ माय्यार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली, भाकरीला खरपूस रंग देणारी ही क्रिया. दुवे वाढले की तंतू सरकत नाहीत, धक्का जिरत नाही, हाड तडकतं. वयाबरोबर हे सर्वांच्याच हाडांत घडतं, मधुमेहात अधिक. एचबीए१सी तपासणी याच क्रियेची पहिली पायरी रक्तातल्या तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर मोजते. मात्र या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात, हाडातलं कोलाजेन वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे त्यात दुवे साचत जातात आणि डेक्साला ते दिसत नाहीत. म्हणून घरातल्या मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत घनतेच्या आकड्यावर विसंबून राहू नये. साखर आटोक्यात ठेवणं आणि पडण्यापासून जपणं तितकंच महत्त्वाचं. — संपादक