शिकागोचे दोन पुतळे

अमेरिकेतील प्रसिद्ध स्थळे म्हटली की ठरलेली चित्रे डोळ्यांपुढे येतात. न्यूयॉर्कच्या बंदरातील मशालधारी स्वातंत्र्यदेवता, रशमोर डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे, यलोस्टोनचे उकळते झरे. प्रवासवर्णनांतून त्यांची वर्णने इतकी झाली आहेत की त्यांत आम्ही भर घालावी असे काही उरलेले नाही. शिवाय आम्ही अमेरिका पाहिलेली नाही, वाचली आहे. आणि तीही युनियनच्या कचेरीत, रात्री, वर्गणीच्या पावत्या फाडून झाल्यावर. तेव्हा कारखान्याच्या फाटकावरून तो देश जसा दिसतो तसाच आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार.

यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झाले, जगातले पहिले. रशमोरचे चेहरे १९२७ ते १९४१ या चौदा वर्षांत सुमारे चारशे कामगारांनी सुरुंग लावून आणि दोरांना लोंबकळून घडवले. तो डोंगर ज्या भागात आहे तो १८६८ च्या तहाने लकोटा लोकांचा होता आणि १८७७ साली तो त्यांच्यापासून काढून घेतला गेला. १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची भरपाई मंजूर केली. ती रक्कम त्या लोकांनी आजवर उचललेली नाही. त्यांचे म्हणणे असे की आम्हाला डोंगर हवा.

आता स्वातंत्र्यदेवतेकडे वळू. पुतळा फ्रान्सच्या जनतेने दिला, पण तो ज्याच्यावर उभा करायचा त्या चौथऱ्याला अमेरिकेत पैसा जमेना. धनिकांनी हात आखडला. तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून १८८५ साली साध्या माणसांना हाक दिली आणि प्रत्येक देणगीदाराचे नाव छापण्याचे वचन दिले. लाखाहून अधिक लोकांनी मिळून लाखावर डॉलर दिले. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती. वर्गणी गोळा करण्यात ज्याचे आयुष्य गेले आहे त्याला या हिशेबाची किंमत कळते. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी त्या देशात, फिलाडेल्फियाला, डॉक्टर झाल्या होत्या.

पण १८८६ साल आम्हाला आठवते ते आणखी एका कारणाने. त्या वर्षीच्या १ मे रोजी अमेरिकेतील तीन लाखांवर कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद केले. चळवळीचा जोर शिकागोत होता. (त्याच दशकात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मागत होते, ती १८९० साली मिळाली.) ३ मे रोजी मॅकॉर्मिक यांच्या शेतीयंत्रांच्या कारखान्यापुढे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात कामगार मेले. त्याच्या निषेधाची सभा ४ मे रोजी संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ भरली. व्यासपीठ कसले, एक मालवाहू गाडी होती. शहराचे महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभा ऐकून गेले आणि सारे शांत आहे असे त्यांचे मत पडले. रात्र झाली, पावसाची लक्षणे दिसू लागली, लोक पांगू लागले. सभा संपतच आली होती, तेवढ्यात पोलिसांची तुकडी चालून आली आणि गर्दीला हटण्याचा हुकूम झाला. त्याच क्षणी कोणी तरी बाँब फेकला. सात पोलीस आणि निदान चार नागरिक प्राणांस मुकले. बाँब कोणी फेकला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

खटला मात्र आठ जणांवर झाला. बाँब त्यांनी फेकला असा आरोप ठेवता येईना, म्हणून त्यांची भाषणे आणि त्यांचे लेख हाच पुरावा मानला गेला. सात जणांना फाशीची शिक्षा झाली. त्यांपैकी दोघांची फाशी पुढे जन्मठेपेवर आली आणि एकाने तुरुंगातच जीव दिला. पार्सन्स, स्पाइस, एंगेल आणि फिशर या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर चढवले. १८८९ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पुढच्या वर्षीच्या १ मे रोजी सर्व देशांत आठ तासांसाठी निदर्शने करावीत असे ठरवले, आणि तेव्हापासून तो दिवस जगभरच्या कामगारांचा झाला.

या एकाच घटनेची शिकागोत दोन स्मारके उभी राहिली. पहिले पोलिसांचे. शहरातील सुखवस्तू मंडळींनी पैसा जमवून १८८९ साली हेमार्केट चौकात हात उंचावून गर्दीला थांबवणाऱ्या पोलिसाचा पुतळा उभारला. त्या बिचाऱ्या पुतळ्याच्या नशिबी स्वस्थता नव्हती. ४ मे १९२७ रोजी, म्हणजे बरोबर त्या घटनेच्या तारखेला, एक ट्राम रूळ सोडून त्याच्यावर आदळली. १९६९ साली तो सुरुंगाने उडवला गेला, दुरुस्त होऊन पुन्हा बसवल्यावर १९७० साली पुन्हा उडवला गेला. मग महापौर डेली यांनी त्याच्यावर रात्रंदिवस पहारा बसवला. पोलिसाच्या पुतळ्याला पोलिसाची राखण! शेवटी तो चौकातून हलवला गेला आणि आता पोलीस मुख्यालयाच्या आवारात आहे. पुतळे उडवणे हे आमच्या मते कामगार चळवळीचे काम नव्हे. पण बंदोबस्ताशिवाय उभे राहू न शकणाऱ्या स्मारकात काही तरी कमी असते, हेही तितकेच खरे.

दुसरे स्मारक शहराबाहेर, वाल्डहाइमच्या दफनभूमीत. मृतांच्या कुटुंबांना मदत करण्यासाठी जी संस्था निघाली होती तिने ते २५ जून १८९३ रोजी उभे केले. पडलेल्या कामगाराच्या मस्तकावर एक स्त्री पुष्पमुकुट ठेवते आहे असे ते शिल्प. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरून उभे असलेले कामगार आणि शेतकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते परके वाटणार नाही. दुसऱ्याच दिवशी राज्याचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी तुरुंगात उरलेल्या तिघांना मुक्त केले आणि खटला अन्यायाने चालवला गेला असे कारणांसह लिहून दिले. त्या वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. सप्टेंबरात त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. ते भाषण आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आल्टगेल्ड यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. ते १८९६ ची निवडणूक हरले.

दफनभूमीतल्या त्या शिल्पाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला १९९७ साली. घटनेला तेव्हा एकशे अकरा वर्षे झाली होती.

शिकागोच्याच दक्षिणेला पुलमन नावाची वसाहत आहे. जॉर्ज पुलमन यांनी आगगाडीचे शयनडबे बनवण्यासाठी कारखाना काढला आणि कामगारांसाठी शेजारीच गाव वसवले. घरे नेटकी, पण मालक तेच आणि घरमालकही तेच. १८९३ च्या मंदीत मजुरी कापली, भाडे मात्र तसेच ठेवले. मे १८९४ मध्ये संप झाला. युजीन डेब्स यांच्या रेल्वे युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्या चालवण्यास नकार दिला आणि देशातील वाहतूक अडली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी २८ जून रोजी सप्टेंबरातील कामगार दिनाच्या सुट्टीच्या कायद्यावर सही केली आणि जुलै उजाडताच संप मोडण्यासाठी लष्कर पाठवले. डेब्स तुरुंगात गेले. पुलमन १८९७ साली वारले तेव्हा थडगे कोणी उकरील या धास्तीने त्यांची शवपेटी काँक्रीट आणि पोलादात गाडण्यात आली.

हे गाव २०१५ साली राष्ट्रीय स्मारक झाले आणि २०२२ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणवते. म्हणजे यलोस्टोन ज्या खात्याकडे आहे त्याच खात्याकडे आज संपाचे हे गाव आहे.

आमच्या गोटातल्या मंडळींना हे ऐकून समाधान वाटेल, पण त्या इतिहासाचे आणखी एक पान आहे. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांचे बिछाने घालणारे, बूट पुसणारे पोर्टर कृष्णवर्णी होते. डेब्स यांच्या युनियनचे सभासदत्व फक्त गोऱ्यांना खुले होते. डेब्स स्वतः त्याच्या विरुद्ध बोलले, पण बहुमत दुसऱ्या बाजूला गेले. पुढे १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्या पोर्टरांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. कंपनीने त्यांच्याशी करारावर सही केली १९३७ साली, बारा वर्षांनी. पुलमनच्या त्या उद्यानात १८९४ च्या संपाबरोबर या पोर्टरांचीही हकीकत सांगतात.