बाळाच्या नावात आई



गेल्या महिन्यात डोंबिवलीला माझ्या भाच्याचं बारसं झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पण वाद झाला तो मधल्या नावावरून. राज्य मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ ला निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. मोठे काका म्हणाले, "आपल्यात अशी रीत नाही."

मी म्हटलं, काका, पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो ना? त्यात त्रिशलामातेची तीन नावं येतात: त्रिशला, विदेहदिन्ना आणि प्रियकारिणी. त्याच सूत्रात भगवान महावीरांना वडिलांच्या कुळावरून 'ज्ञातपुत्र' म्हटलंय आणि आईच्या नावावरून 'विदेहदिन्न'ही म्हटलंय. आई आणि वडील दोन्ही आहेतच की!

आणि हे फक्त धर्मग्रंथातच नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण मोठं बंदर होतं. त्या घराण्यातले राजे स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी असं म्हणवत. गौतमी, वासिष्ठी ही आईच्या गोत्रावरून आलेली नावं. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आजही दगडावर आहे. राजाला आईची ओळख सांगण्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्या ठाण्याचंच घ्या. टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात गेलं की श्रीपाळ राजाची आठवण येतेच. दर ओळीला आपण त्याची कथा ऐकतो. लहानपणी राज्य गेलं, तेव्हा आई कमलप्रभेने त्याला कुष्ठरोग्यांच्या टोळीत लपवून जिवंत ठेवलं. पुढे ठाण्याच्या दरबारात धवल शेठने कपट करून त्याच्या कुळावरच संशय आणला. तेव्हा श्रीपाळ म्हणाला, जहाजावरच्या माझ्या बायकांना विचारा. त्यांनी साक्ष दिली तेव्हा त्याचं कुळ राजाला पटलं.

काका हसले. पण खरं उत्तर माझ्या आईने दिलं. ती म्हणाली, "लग्नाआधी माझ्या नावापुढे बाबांचं नाव होतं, लग्नानंतर यांचं आलं. तुम्हा दोघांना मी जन्म दिला, पण तुमच्या नावात मी कुठेच नाही." मग कुणी काही बोललं नाही.

वहिनीच्या स्वतःच्या नावापुढे मात्र नवऱ्याचंच नाव राहणार. विवाहित बाईसाठी जुनीच पद्धत चालू आहे. म्हणजे अर्धंच काम झालंय.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. आपल्याकडे पुष्कळ घरांत लग्नात सुनेचं नाव बदलतात. वहिनीचंही बदललं होतं, पण आधार कार्डावर माहेरचंच राहिलं. बाळाच्या नावात कुठलं लिहायचं? सासरचं लिहिलं तर पुढे शाळेत कागद जुळणार नाहीत. आम्ही माहेरचं लिहायचं ठरवलं. गेली सहा वर्षं या घरात त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. बारशाच्या दिवशी बाळाचं पूर्ण नाव सांगताना मी ते मोठ्याने उच्चारलं, आणि वहिनीने चमकून वर पाहिलं.