विक्रीचे घर : रंग आणि कागद

घर विकावयाचे ठरले म्हणजे ते आधी झाडून, सारवून, चुना देऊन घ्यावे, ही रीत जुनीच आहे. परसातला पालापाचोळा काढावा, मोडकी बाज आत न्यावी, दाराच्या बिजागरीला तेलाचा थेंब सोडावा, एवढे शहाणपण कोणत्याही गृहिणीस कोणी शिकवावे लागत नाही. अमेरिकेत मात्र याच शहाणपणाचा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. वॉशिंग्टन राज्यात घरांची दलाली करणाऱ्या बार्ब श्वार्ट्‌झ या बाईंनी १९७२ साली त्याचा पाया घातला असे मानले जाते. घर म्हणजे रंगमंच आणि गिऱ्हाईक म्हणजे प्रेक्षक, ही त्यामागची कल्पना. म्हणून त्या व्यवसायाला नावही नाटकाच्या परिभाषेतलेच मिळाले, 'होम स्टेजिंग'. अडगळ काढावयाची, घरधन्याच्या खासगी वस्तू झाकावयाच्या, खिडक्या उघडून उजेड आत घ्यावयाचा आणि येणाऱ्यास हे घर आपलेच आहे असे वाटू द्यावयाचे.

नाटक आले की त्याच्या पाठोपाठ कपटही येण्याचा संभव असतो. या बाबतीत इतिहासाला ठाऊक असलेला सर्वांत नामांकित प्रयोग दोन हजार वर्षांपूर्वी सिसिली बेटावरील सिराक्यूझ नगरीत झाला. रोमन पंडित सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात ही हकिकत आहे. कॅनियस नावाचा एक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठी तेथे गेला आणि मित्रांस बोलावता येईल अशी एखादी बाग विकत मिळेल काय, याची चौकशी करू लागला. पायथियस नावाच्या सावकाराने ती ऐकली. आपली बाग विकावयाची नाही, पण ती आपलीच समजावी, असे सांगून त्याने कॅनियसला दुसऱ्या दिवशी जेवावयास बोलाविले. त्याच दिवशी त्याने गावातल्या कोळ्यांना गाठून उद्या माझ्या बागेसमोरच मासे धरा असे पढवून ठेविले. पाहुणा आला तो समोर होड्यांची गर्दी, आणि जो तो आपली मासळी आणून यजमानाच्या पायांशी ओततो आहे! साऱ्या नगरीची मासळी येथेच मिळते, या जागेवाचून कोळ्यांचे चालतच नाही, असे यजमानाने सांगितले. कॅनियस हट्टास पेटला. मागेल ती किंमत देऊन त्याने बाग सामानसुमानासह घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन येतो तो समोर एक वल्हेही दिसेना. आज कोळ्यांचा सण आहे काय, असे त्याने शेजाऱ्यास विचारले. सण कसला, येथे कोणी कधी मासे धरीतच नाही; काल काय झाले याचे आम्हालाच नवल वाटले, असे उत्तर मिळाले.

कॅनियस चरफडला, पण करणार काय? कपटाने झालेल्या व्यवहारावर दाद मागण्याची रीतसर सोय रोमन कायद्यात तोपर्यंत झालेली नव्हती. ती पुढे सिसेरोचाच सहकारी अक्विलियस गॅलस याने करून दिली. दाखवावयाचे एक आणि करावयाचे दुसरे, त्यास कपट म्हणावे, अशी सुटसुटीत व्याख्याही त्याने केली.

पायथियसने खोटे दाखविले. न दाखविण्याचे काय, हा प्रश्न याहून बिकट आहे. त्याचेही उदाहरण सिसेरोने दिले आहे. शकुन पाहण्याच्या आड येतो म्हणून रोममधील क्लॉडियस सेंटुमॅलस याने आपल्या घराचा उंच भाग पाडावा, असा हुकूम शकुनवेत्त्यांनी केला. त्याने तो पाडला नाही, घरच विकून टाकले. घेणाऱ्यास तोच हुकूम झाला आणि त्याला तो भाग पाडावा लागला. निवाडा केटोपुढे आला. दोष ठाऊक असून जो विकणारा तो सांगत नाही, त्याने घेणाऱ्याचे नुकसान भरून द्यावे, असा निर्णय झाला. या घराची भिंत तडकलेली नव्हती की छप्पर गळत नव्हते. दोष होता तो हक्कात, आणि हक्काचा दोष डोळ्यांना दिसत नसतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनास यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे पाहताच कळते, तेथे विकणाऱ्याने बोललेच पाहिजे असे नाही; झाकलेला दोष मात्र सांगितला पाहिजे. दवंडी पिटून तो गावभर करण्याची गरज नाही, जो घ्यावयास येईल त्यास सांगावा म्हणजे झाले. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे पंचावन्नावे कलम वाचले म्हणजे या विचाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सामान्य काळजी घेऊनही घेणाऱ्यास कळणार नाही असा मालमत्तेतील किंवा हक्कातील महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे, असे ते कलम सांगते. उलट, विकणाऱ्याच्या हक्काविषयी त्याला स्वतःला ठाऊक नसलेली आणि किंमत वाढविणारी गोष्ट घेणाऱ्यास ठाऊक असेल, तर तीही त्याने लपवू नये. या दुसऱ्या बाजूकडे लोकांचे लक्ष क्वचितच जाते.

आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास नेमका याच दुसऱ्या बाजूचा आहे. १९०५ साली निजामाच्या राज्यात हा जिल्हा स्वतंत्र झाला. डोंगर, सागवानाचे रान आणि त्यात गोंड-कोलामांच्या वस्त्या. त्यांची घरे लाकडी खांबांची, बांबूच्या कुडाला माती लिंपलेली, वर गवताचे छप्पर. जमिनीचा कस उतरला की शेत काही वर्षे पडीक टाकावयाचे आणि दुसरे करावयाचे. प्रसंगी सारी वस्तीच हलवावयाची. असे घर सजवून विकण्याची कल्पना तेथे कोणास सुचण्याचे कारणच नव्हते. परंतु पडीक टाकलेले शेत सरकारी दप्तरात रिकामे दिसे, आणि रिकाम्या जमिनीचा पट्टा जो मागेल त्याच्या नावे होई. दरबारची भाषा आधी फारसी, १८८४ च्या सुमारापासून उर्दू. गोंडाला दोन्ही अगम्य. काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला, रस्ते झाले, कापसाला भाव आला आणि बाहेरचे शेतकरी व सावकार लोटले. त्यांत तेलुगू भाषक होते, तसे वऱ्हाड-मराठवाड्यातील मराठी भाषकही होते, हे सांगावयास संकोच कशाला? जमिनीचे खरे मोल घेणाऱ्यास ठाऊक होते, देणाऱ्यास नव्हते. येथे चुना-रंग भिंतीला नव्हे, कागदाला लागला. अंगठा उठला की काम झाले.

१९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम मारले गेले, तेव्हा निजाम सरकार जागे झाले. असंतोषाची कारणे शोधण्याचे काम ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. त्यांच्या सूचनेवरून गोंडांना जमिनीचे पट्टे देण्यास आरंभ झाला. मारलवाई येथे १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी वर्ग निघाला आणि गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत झाली. ज्याला आपल्या नावाचा कागद वाचता येतो त्याला फसविणे कठीण जाते. वकिलांच्या फौजेहून त्या प्राथमिक पुस्तकांचे मोल अधिक मानले पाहिजे.

पुढचा भाग कायद्यांचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले, मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडले नांदेडमधून इकडे आली आणि जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. अनुसूचित क्षेत्रांतील जमीन हस्तांतरणाचा १९५९ चा विनियम १९६३ साली तेलंगणास लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. अनुसूचित गावातील स्थावर आदिवासीवाचून कोणासही विकता येत नाही. विकणारा बिगर-आदिवासी असला तरी नाही. शिवाय बिगर-आदिवासीच्या ताब्यातील स्थावर मूळचे आदिवासीकडूनच आले असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ही दुरुस्ती वैध ठरविली. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी हा नियम टिकून आहे.

त्याची झळ सर्वांनाच सारखी बसली असे नाही. उटनूरसारख्या गावी दोन-तीन पिढ्या राहिलेल्या साध्या दुकानदाराच्या कुटुंबास मुलीच्या लग्नासाठी घर काढावयाचे झाले, तर गिऱ्हाइकांचे वर्तुळ एकदम आखडते आणि भाव उतरतो. हे दुःख खरे आहे. विनियमाने त्यासाठी एक वाट ठेविली आहे. आपल्या अटींवर कोणी आदिवासी घेण्यास तयार नसेल, तर मालकाने शासनाच्या एजंटाकडे अर्ज करावा, म्हणजे शासन मोबदला देऊन ती मालमत्ता घेऊ शकते. तो मोबदला बाजारभावाइतका असेल अशी आशा मात्र धरू नये. म्हणूनच पुष्कळजण दुसरी वाट धरतात : सादा बैनामा, म्हणजे नोंदणीवाचून साध्या कागदावर केलेली विक्री, किंवा एखाद्या आदिवासीचे नाव पुढे करून स्वतः घेणे. असा व्यवहार मुळातच रद्द असतो. घेणाऱ्याचे पैसे जातात आणि ज्याचे नाव वापरले तो आयुष्यभर कचेरीच्या फेऱ्यांत अडकतो.

निर्मलचे खेळणे पोनिकीच्या हलक्या लाकडाचे असते. त्यावर चिंचोक्याच्या खळीचा हात, मग पांढरी माती, मग झगझगीत रंग. रंगाखाली काय आहे हे करणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांनाही ठाऊक असल्यामुळे तेथे फसवणुकीचा प्रश्नच उद्‌भवत नाही. विक्रीच्या घराला चुना देण्यासही अशीच कोणाची हरकत नसावी. ओल आली असेल ती भिंत आधी दुरुस्त करून मग रंगवावी. नुसती रंगविलेली ओल पहिल्या पावसाळ्यातच वर येते. जुन्या मराठी सनदांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, एवढेच नव्हे तर पुरलेले धनही नमूद करण्याची चाल होती, आणि खरेदीखतात चतुःसीमा आजही लिहिल्या जातात. अनुसूचित गावात घर पाहावयास जाणाऱ्याने आधी चौकशी करावयाची ती गाव त्या यादीत आहे की नाही याची, आणि १९६३ पूर्वीपासून ताबा कोणाकडे व कोणत्या कागदाने चालत आला याची. भिंतीचा रंग त्यानंतर पाहिला तरी चालतो.