इरादा कुठे मोजायचा?

डोक्यावर तार नेमकी कुठे लावायची, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण हातपाय लुळे पडलेल्या माणसाचे बरेच काही त्यावर अवलंबून असते.

१९२४ मध्ये जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतले विजेचे तरंग प्रथम नोंदवले. पुढे जो तो आपापल्या अंदाजाने इलेक्ट्रोड लावत राहिला. लहान-मोठी डोकी एकाच मापाने कशी मोजणार? १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी तोड मांडली: सेंटिमीटर नको, टक्के घ्या. माथ्याचा मध्य सीझेड. तिथून कानाकडे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या अंतराच्या २० टक्क्यांवर, डावीकडे सी३ आणि उजवीकडे सी४.

उजवा हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी सी३ खालचा तरंग दबतो. डाव्या हाताचा सी४ खाली. उर्दूत आपण ज्याला इरादा म्हणतो, तो हरकतीविनाही इथे उमटतो! पायाची जागा मात्र मेंदूच्या मधल्या खाचेत, म्हणून तिथे सीझेड.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे गर्ट फुर्टशेलर यांच्या गटाने हेच वापरले. मणक्याच्या इजेने लुळा झालेला एक तरुण पाय हलवण्याची कल्पना करी, यंत्र ती ओळखून हाताच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देई, आणि मूठ मिटे. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या मुठीत त्याने पेला धरला.